.२२ रायफलचा ग्रुप अचानक फुटतोय? आधी काडतुसाकडे बघा

रायफल तीच, नेमबाज तोच, रेंजही तीच. तरी काडतुसांचा नवा डबा उघडला की ५० मीटरवरचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, फुटतो. काल नऊ-दहात बसणाऱ्या गोळ्या आज सातात, आठात जायला लागतात. मग पोरगं साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, क्लिक फिरवतं, ट्रिगरचा स्क्रू ढिला करतं, पुन्हा आवळतं, आणि संध्याकाळपर्यंत वडिलांचा फोन येतो: "सर, बॅरल गेलं म्हणतोय. नवीन घ्यावं लागेल का?"

हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी दोनदा हमखास येतो, एकदा एप्रिल-मे मध्ये आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. लातूर, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही जिल्ह्यातला .२२ मारणारा मुलगा किंवा मुलगी यातून जातेच. त्यात घरच्यांचे पैसे खर्च होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लेकराचा स्वतःवरचा भरवसा उडतो. ट्रिगर छान दाबणारी मुलं "माझाच हात बिघडला" असं धरून बसतात आणि जमलेली पोझिशन मोडून टाकतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझा सरळ सल्ला असा: क्लिक, ट्रिगर आणि बॅरल यांना हात लावण्याआधी काडतुसाची चौकशी करा.

पुढचं सगळं .२२ लाँग रायफल काडतूस, सिंगल शॉट बोल्ट रायफल आणि ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून मारणं) यांना धरून आहे. एअर रायफलवाल्यांसाठी मध्ये थोडं आहे.

आधी ग्रुपचा आकार वाचा

ग्रुप किती मोठा आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेला लांबला आहे हे आधी बघायचं. पण त्याच्याही आधी एक सवय लावून घ्या, ती म्हणजे कॉल करण्याची. गोळी सुटल्यावर दुर्बिणीत किंवा मॉनिटरवर बघण्याआधी, साइट कुठे होती ते मनात ठरवून वहीत लिहायचं: "दहा, मध्यावर", "नऊ, तीन वाजता" (घड्याळात तीन असतो त्या बाजूला). मग प्रत्यक्ष कुठे लागली ते शेजारी लिहायचं. कॉल आणि गोळी जुळत असतील तर दोष नेमबाजाच्या धरण्यात, श्वासात किंवा ट्रिगरमध्ये आहे. कॉल दहाचा आणि गोळी आठात, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष रायफलच्या, काडतुसाच्या किंवा वाऱ्याच्या बाजूला आहे. या वहीशिवाय बाकीचं सगळं अंधारात तीर मारणं आहे. माझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं की मी पहिल्यांदा वही मागतो.

आता आकार. ग्रुप उभा लांबला, डावी-उजवी रुंदी ठीक, पण वर-खाली पसारा, तर पहिला संशय काडतुसांच्या वेगातल्या फरकावर. दुसरा श्वासावर आणि बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यात दर वेळी वेगळा बसण्यावर. ग्रुप आडवा पसरला तर वारा, ट्रिगर, किंवा रायफल एका बाजूला कलणं. ग्रुप तिरका, म्हणजे घड्याळातल्या दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंतच्या रेषेत पसरला असेल तर तो बहुतेक वेळा वाराच असतो. .२२ च्या बॅरलचे आटे उजवीकडे फिरणारे असतात, त्यामुळे उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे ढकलतो आणि किंचित वर उचलतो, तर डावीकडून आलेला वारा उजवीकडे आणि थोडं खाली नेतो. हे ज्याला माहीत नसतं तो दोन चुका शोधत बसतो, प्रत्यक्षात कारण एकच असतं.

दोन वेगवेगळे झुपके दिसत असतील, प्रत्येक आपापल्या जागी घट्ट, तर काहीतरी ढिलं आहे: साइटचा माउंट (बसवायची पकड), अॅक्शनचा (रायफलच्या यंत्रभागाचा) स्क्रू, किंवा गाल ठेवायची जागा. अशा वेळी काडतुसाला दोष देऊ नका. आणि नऊ गोळ्या एका भोकात, दहावी भलतीकडे, कॉल मात्र स्वच्छ, असं असेल तर ते काडतूस असण्याची शक्यता दाट.

इवल्याशा काडतुसात एवढा फरक कसा?

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. आत दारू एक दशांश ग्रॅमच्या आसपास, चिमटीत धरली तर दिसणारही नाही एवढी. आणि मोठ्या काडतुसांसारखी मध्यभागी वेगळी टोपी नाही. पेटणारं मिश्रण पितळी केसच्या तळाच्या कडेत, रिममध्ये भरलेलं असतं. ओलं मिश्रण केसमध्ये टाकून केस गरकन फिरवतात, म्हणजे ते कडेत जाऊन बसतं. फायरिंग पिन ती कड चेपते आणि ठिणगी पडते.

मेख इथेच आहे. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं बसलं नाही, दारूत कणभर कमी-जास्त झालं, केसची पकड एका गोळीला घट्ट आणि दुसरीला सैल राहिली, की वेग बदलला. मोठ्या काडतुसात दारू जास्त असते, त्यामुळे एवढासा फरक त्यात खपून जातो. इथे खपत नाही. शिवाय रिमफायर काडतूस घरी परत भरून सुधारताही येत नाही, कारखान्यातून जसं आलं तसंच वापरायचं.

वेगातल्या फरकाचा कागदावर काय परिणाम होतो तो हिशोब करून बघा. मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं, काडतूस मझलवर (बॅरलच्या तोंडाशी) साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतं. ५० मीटर जायला त्याला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात गोळी साधारण १२-१३ सेंटिमीटर खाली येते. साइट ते भरून काढते. आता दुसरी गोळी १० मीटर प्रति सेकंदाने हळू निघाली तर ती आणखी ८ मिलिमीटर खाली लागते. आणि ५० मीटरच्या टार्गेटवर मध्यापासून एकेक वर्तुळ बरोबर ८ मिलिमीटरने वाढतं! दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, नवाचं २६.४, आठाचं ४२.४. म्हणजे तुमचा नेम, श्वास, ट्रिगर सगळं बिनचूक असूनही नुसत्या वेगातल्या फरकाने एक गुण गेला. प्रत्यक्षात बॅरलच्या कंपनामुळे हा आकडा रायफलगणिक थोडा कमी-जास्त होतो, पण दिशा हीच.

एक गुण काय चीज आहे हे सांगायला नको. पॅरिस २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं. पात्रता फेरीत त्याचे ६०० पैकी ५९० होते आणि तो सातवा होता. फायनलला आठच जण जातात. साठ गोळ्यांत दहा गुण गेले, आणि तेवढ्यावर दार बंद व्हायची वेळ आली होती. तिथे काडतुसाने एक गुण खाणं परवडत नाही.

"जास्त वेगाचं घेतलं तर?"

हा प्रश्न घरची मोठी माणसं हटकून विचारतात. दुकानात हाय व्हेलॉसिटी लिहिलेला डबा दिसतो, वेग ३७०-३८० मीटर प्रति सेकंद, गोळी तेवढ्याच वजनाची. जोर जास्त, मग नेमही चांगला असं वाटतं. ५० मीटर टार्गेटसाठी मी ते काडतूस स्पष्टपणे नाकारतो, आणि कारण पक्कं आहे.

हवेत आवाजाचा वेग २० अंशांना ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. हाय व्हेलॉसिटीची गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि टार्गेटला पोचेपर्यंत त्या मर्यादेच्या आसपास येते किंवा खाली उतरते. ती मर्यादा ओलांडताना गोळीभोवतीच्या हवेच्या लाटा बदलतात, गोळीला हिसका बसतो, आणि प्रत्येक गोळीला तो सारखा बसत नाही. मॅचची काडतुसं ३२० ते ३३० च्या पट्ट्यात ठेवलेली असतात ती याचसाठी: सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजाच्या खाली.

वाऱ्याची गोष्ट तर अनेकांना पटतच नाही. वेगवान गोळी वाऱ्यात कमी वाहते अशी सगळ्यांची समजूत, पण .२२ मध्ये ५० मीटरवर उलट होतं. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम चढतो, वेगवान गोळी वेग झपाट्याने गमावते, आणि वाऱ्याने वाहणं हे या गमावण्यावर अवलंबून असतं, पोचायला लागलेल्या एकूण वेळेवर नाही. साडेचार मीटर प्रति सेकंदाच्या आडव्या वाऱ्यात साधं मॅच काडतूस अडीच-तीन सेंटिमीटर सरकतं आणि हाय व्हेलॉसिटी त्याहून जास्त. पटत नसेल तर दोन्ही प्रकार एकाच वाऱ्यात, एकाच क्लिकवर मारून कागद समोर ठेवा.

झाडाची पानं सळसळायला लागली म्हणजे वारा दोन मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आहे असं धरा, आणि वाऱ्याच्या दर एक मीटर प्रति सेकंदामागे गोळी सहा मिलिमीटर सरकेल असं मोजा. आमच्याकडे रेंजच्या कडेला काठ्या रोवून त्यांना जुन्या नायलॉनच्या साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या बांधतात. विकतच्या झेंड्यांइतकंच काम करतात. फक्त पहिली काठी मझलपासून दहा-बारा मीटरवर हवी, कारण सुरुवातीला लागलेला वारा गोळीला पुढच्या सगळ्या वाटेवर वाहवत नेतो. बहुतेक ठिकाणी सगळ्या काठ्या टार्गेटजवळच रोवलेल्या दिसतात.

पिस्तूलवाल्यांसाठी एवढंच: २५ मीटरला दहाचं वर्तुळ प्रिसिजनमध्ये ५० मिलिमीटरचं असतं, त्यामुळे तिथे काडतुसातला फरक कमी बोचतो. तिथे पिस्तूल दर वेळी केस नीट बाहेर फेकतं का, हे आधी बघावं. काही सेमी-ऑटो पिस्तुलांना अगदी हळू काडतूस पुरेसा धक्का देत नाही आणि केस अडकते.

उन्हाळा आणि हिवाळा

तक्रारी वर्षातून दोनदाच का येतात, त्याचं उत्तर आपल्या हवेत आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, आणि डिसेंबरच्या पहाटे परभणीत एक आकडी. एवढा पल्ला एकाच काडतुसाला पेलायचा असतो. दारू गरम असली की जोरात जळते, गार असली की संथ. म्हणून जानेवारीत बसवलेला झिरो (गोळी मध्यावर लागेल अशी साइटची जुळणी) मे मध्ये वर सरकतो. हे दोन-चार क्लिकचं काम आहे, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते डब्यातली काडतुसं एकमेकांपासून वेगळी गरम होण्याला. डबा उन्हात उघडा पडलाय, वरची ओळ तापलीय, खालची गार, मग उभा ग्रुप पडणारच.

त्याहून मोठी भानगड गोळीवरच्या मेणाची. .२२ ची गोळी उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ लेप असतो. तो बॅरलमध्ये शिसं चिकटू देत नाही. मे मध्ये दुपारी उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवली तर हा लेप मऊ पडून एका बाजूला ओघळतो. मग रेंजवरची धूळ त्यावर बसते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ तर पिठासारखी बारीक. ती गोळीबरोबर बॅरलमध्ये जाते. डबा उघडल्यावर एक काडतूस उजेडात आडवं धरून हळू फिरवा. लेप सगळीकडे सारखा, किंचित चमकदार दिसला पाहिजे. एका बाजूला ठिपका जमलेला, केसच्या तोंडाशी करडी रेघ, किंवा बोटाला कचकच लागली, तर तो डबा सरावाला लावा, स्पर्धेला नेऊ नका. हिवाळ्यात उलटं होतं: लेप कडक होतो आणि पहिल्या काही गोळ्या विखुरतात. त्या सायटरमध्ये (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांत) जाऊ द्यायच्या.

उपाय साधा. थर्माकोलचा झाकणाचा डबा, आत काडतुसं, सावलीत. मारायच्या अर्धा तास आधी रेंजच्या हवेत ठेवायची, पण उन्हात नाही. फायरिंग पॉइंटवर काडतुसांवर पांढरा पंचा टाकून ठेवावा. आणि तापलेल्या बॅरलमध्ये काडतूस भरून वाऱ्याची वाट बघत बसू नका. चेंबरची (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेची) उष्णता थेट दारूला लागते आणि ती गोळी वर जाते. वारा पडेपर्यंत थांबायचं असेल तर काडतूस बाहेर काढून थांबा.

मृगजळाचं तर काय सांगावं. सकाळी दहानंतर तापलेल्या काळ्या रानावरून बघितलं की टार्गेट पाण्यात असल्यासारखं हलतं, आणि ते असतं त्यापेक्षा थोडं वर आणि वाऱ्याच्या दिशेला सरकलेलं दिसतं. त्या वेळी काडतुसाची परीक्षा घेऊच नका. निकाल खोटा येणार.

लॉटची परीक्षा कशी घ्यायची

सोयाबीनच्या बियाण्याचं सगळ्यांना माहीत आहे. वाण एकच, कंपनी एकच, पण पिशवीच्या टॅगवरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) वेगळा असला की उगवण वेगळी. म्हणून शहाणा शेतकरी पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासतो. काडतुसाचं हुबेहूब असंच आहे. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, एली सारख्या मॅच काडतुसांवर तर त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात लिहिलेला असतो. महागड्या काडतुसाचाही एक लॉट तुमच्या रायफलला मानवेल आणि दुसरा मानवणार नाही. शेजारच्या मुलीच्या रायफलला तोच दुसरा लॉट सुंदर चालेल. म्हणून तर एली आणि लापुआ या कंपन्यांनी नेमबाजांना रायफल घेऊन येऊन लॉट निवडता यावा अशी चाचणी केंद्रं परदेशात उभी केली आहेत. आपल्याला तेवढं जमत नाही, पण जिल्ह्याच्या रेंजवर बरंच करता येतं.

वारा नसलेली सकाळ निवडा. रायफल टेबलावर, पुढे आणि बटाखाली वाळूच्या पिशव्या. वाळू चाळून भरा, नाहीतर खडा लागतो. परीक्षा रायफलची आणि काडतुसाची आहे, नेमबाजाची नाही, म्हणून स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) नको. आधी एका लॉटच्या पंधरा-वीस गोळ्या नुसत्या मारून टाका. हे वाया घालवणं वाटतं, पण इथेच बहुतेकांची परीक्षा फसते. प्रत्येक कंपनीचा लेप वेगळा. बॅरलमध्ये आधीच्या कंपनीचा लेप बसलेला असताना नव्या कंपनीच्या पहिल्या दहा गोळ्यांवरून निकाल लावला तर तो निकाल दोन्ही लेपांच्या मिश्रणाचा असतो. एकाच कंपनीचे दोन लॉट असतील तर पाच-सहा पुरतात.

मग दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कागदावर. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर मी विश्वास ठेवत नाही. पाच गोळ्या नशिबानेही एका भोकात बसतात, आणि त्याच सुंदर कागदाचा फोटो सगळीकडे फिरतो. चारही ग्रुप मोजायचे, सर्वात वाईट ग्रुपसुद्धा. तो बाजूला टाकायचा मोह होतो, पण स्पर्धेत नेमका तोच ग्रुप वाट्याला येतो.

मोजायचं असं: सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजा. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर आहे आणि भोकाची कड वर्तुळाला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरचा ग्रुप नीट मध्यावर बसला तर सगळे दहा. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. चारही ग्रुप याच्या आत राहिले तर तो लॉट घ्या. तीन आत आणि एक २८-३० वर गेला तर तो सरावाचा लॉट. चारही बाहेर, तर काडतुसाबरोबर रायफलही तपासायची.

काही जण काडतुसं तराजूवर तोलून वेगळी काढतात, काही रिमची जाडी मोजून. मी यात वेळ घालवू देत नाही. वजनातला फरक केसचा आहे, गोळीचा की दारूचा, हे तराजू सांगत नाही. तेवढ्या वेळात ड्राय फायरिंग (काडतुसाशिवाय ट्रिगरचा सराव) करा.

खर्चाचं खरं दुखणं असं की आपल्या भागात काडतुसं हवी तेव्हा, हवी त्या लॉटची मिळत नाहीत. मॅचची काडतुसं आयातीची, संघटनेमार्फत किंवा परवान्यावर नोंद होऊन येतात, आणि हाती लागेल तो लॉट घ्यावा लागतो. म्हणून क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर द्यावी असं मी सांगतो. दोन-तीन लॉट आले की सगळ्या रायफलींवर परीक्षा करायची आणि ज्याच्या रायफलला जो लॉट मानवला तो त्याने घ्यायचा. मात्र ही वाटणी नियमात, प्रत्येकाच्या परवान्यावरच्या नोंदीनेच झाली पाहिजे. "तुझी चार डबी मला दे" असं हातोहात चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि तो काडतुसांनाही लागू आहे.

एअर रायफलवाल्यांनो, तुमचं वेगळं नाही. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, डोक्याचा व्यास डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असा लिहिलेला. १० मीटरला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तीन-चार मापांचे छर्रे आणून असेच दहा-दहाचे ग्रुप मारा, आणि डबा कधीही आपटू नका. छर्र्याचा मागचा घेर नखाएवढ्या दाबाने वाकडा होतो आणि वाकडा छर्रा तुम्ही किती का चांगला मारेनात, बाहेरच जातो.

काडतूस ठीक निघालं तर

तीन-चार लॉट मारले, सगळेच फुटले, तर आता रायफल. पहिल्यांदा अॅक्शनचे स्क्रू. लाकडी स्टॉक असेल तर आपल्याकडे पावसाळ्यात ते फुगतं आणि मार्चपर्यंत आकसतं, स्क्रू आपोआप ढिले होतात. कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. टॉर्क रेंच नसेल तर क्लबकडून मागून घ्या, अंदाजाने पिळू नका. मग साइटचे माउंट.

मग मझलची कड, म्हणजे क्राउन. गोळी बॅरल सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवती सगळीकडून एकाच वेळी निसटला पाहिजे. कडेवर केसाएवढा ओरखडा असला तर तो तिथून आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. रायफल रिकामी आहे, बोल्ट बाहेर काढला आहे, याची खात्री करून कान साफ करायची कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर हळू फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे ओरखडा. हा ओरखडा बहुतेक वेळा मझलकडून साफसफाईची सळई घातल्यामुळे पडलेला असतो. सळई नेहमी मागून, बोल्टच्या बाजूने, गाइड लावून घालायची. जुन्या, अनेकांच्या हातून गेलेल्या रायफलींत हा दोष मला सर्वात जास्त सापडतो.

साफसफाईही अति नको. दर सरावानंतर बॅरल चकचकीत करणाऱ्यांचे पहिले वीस शॉट कायम विखुरलेले असतात, कारण लेप दर वेळी नव्याने बसवावा लागतो. चेंबरच्या तोंडाशी कडक काजळीची कडी मात्र वेळच्या वेळी काढा. ती वाढली की काडतूस शेवटचा मिलिमीटर ढकलून घालावं लागतं, आणि त्यात मऊ शिशाची गोळी खरवडली जाते. बाहेर काढलेल्या काडतुसाच्या गोळीवर एकाच बाजूला चमकदार रेघ दिसली तर समजा कडी जमलीय.

शिसं हाताला लागतं. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायचा नाही, लहान लेकरांना तर अजिबात नाही.

काडतूस उडालंच नाही, किंवा आवाज हलका आला

ग्रुप फुटण्याबरोबर ही तक्रार बऱ्याचदा येते आणि इथे घाई जिवावर बेतू शकते. ट्रिगर दाबला, टक् झालं, पुढे काही नाही, तर बोल्ट लगेच उघडू नका. मझल टार्गेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा, कारण कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. मग रेंज ऑफिसरला सांगून बोल्ट उघडा आणि रिमवरचा ठसा बघा. ठसा पुसट असेल तर फायरिंग पिन किंवा स्प्रिंग थकली आहे, किंवा बोल्टमध्ये जुनं ग्रीस घट्ट झालंय. ते थंडीत जास्त होतं. ठसा खोल असेल तर त्या जागी रिममध्ये मिश्रण नव्हतं, दोष काडतुसाचा. एका डब्यात असं दोनदा झालं तर तो डबा बंद करून लॉट नंबरसह बाजूला ठेवा.

आवाज हलका आला, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर भोक नाही: अशा वेळी पुढची गोळी कुठल्याही परिस्थितीत भरायची नाही. आधीची गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर बॅरल फुगतं. बोल्ट काढून मागून उजेड दिसतो का बघा. स्पर्धेची वेळ चालू असली तरी हात वर करा, रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा. आणि तपासणी करताना, टेबलावर परीक्षा घेतानाही, समोरचा मातीचा बांध शाबूत आहे का ते बघा. हे इवलंसं काडतूस खेळण्यासारखं दिसतं, पण मोकळ्या रानात त्याची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाते, आणि आपल्या बहुतेक रेंजच्या मागे कुणाचं तरी शेत असतं.

स्क्रू, माउंट, क्राउन, चेंबर सगळं बघून झालं, तीन लॉट नीट मारून झाले आणि ग्रुप तरीही २१.६ मध्ये येत नाही, तेव्हा रायफल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या. नुसती रायफल नेऊ नका. चारही ग्रुपचे कागद, प्रत्येकावर लॉट नंबर, तारीख, वेळ आणि तापमान लिहिलेलं, आणि कॉलची वही सोबत घ्या. बॅरल बदलायला सांगितलं तर कागद समोर ठेवून कुठल्या ग्रुपवरून असं वाटतं ते विचारा. चांगला आर्मरर बोट ठेवून दाखवतो.